वजीर सांभाळा

तायडे सिस्टर बसलेल्या मला आठवतच नाहीत. त्यांचं नाव निघालं की त्या उभ्याच दिसतात: आमच्या फाटकाशी, एक हात कडीवर, दुसऱ्या हातात मोबाइल, सुती साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि उजाडतं न उजाडतं तोच तोंडात प्रश्न. "सर, काल घोडा मांगं नेला असता तं वाचली असती न मी?" मी तेव्हा दात घासत असे. तोंडात फेस असलेल्या माणसाला घोड्याविषयी विचारू नये, एवढंही त्यांना कळत नसे. मी हातानं 'थांबा' म्हटलं की त्या थांबत, पण त्यांचं थांबणं म्हणजे फाटकापासून विजेच्या खांबापर्यंत आणि खांबापासून फाटकापर्यंत येरझारा. माझी चूळ भरून होईपर्यंत त्यांनी स्वतःच उत्तर शोधलेलं असे, ते चुकीचं असे, आणि त्यावरून त्या माझ्याशी भांडत.

अकोल्यात आम्ही समोरासमोर राहायचो. त्या सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. मी ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवायचो आणि सुट्ट्यांमध्ये बुद्धिबळाच्या स्पर्धांना पंच म्हणून जायचो. पंच म्हणजे हॉलमध्ये हळू आवाजात बोलणारा आणि सगळ्यांच्या शिव्या खाणारा माणूस. मला ते काम आवडायचं. नियम मला आवडतात. माणसांपेक्षा त्यांच्यावर जास्त भरवसा ठेवता येतो, असं मी माझ्या बायकोसमोरही बोललेलो आहे आणि त्याची फळंही भोगलेली आहेत. तर अशा माणसाच्या समोरच्या घरात तायडे सिस्टर राहत होत्या, आणि एक दिवस त्यांना कळलं की मी पंच आहे. त्या दिवसापासून माझी सकाळ माझी राहिली नाही.

बसायला सांगितलं की म्हणायच्या, "जन्मभर उभ्यानं नोकरी केली, सर. बसली का मले वाटते कोनी तरी बेल वाजवून राहिलं." पुस्तकातली कोडी त्या अंगणात चालत चालत सोडवायच्या. अंबाडीची भाजी निवडताना मोबाइल तांब्याला टेकवून कुठल्या तरी परदेशातल्या अनोळखी माणसाशी खेळायच्या आणि हरल्या की त्या माणसाला मराठीतून बोलायच्या. डाव कसा चाललाय हे सांगायची त्यांची भाषा सगळी वॉर्डातली. पाळी संपवून दुसऱ्या नर्सला रुग्ण सोपवावेत तशा त्या मला सोंगट्या सोपवायच्या: "राजा सिरियस हाय. हत्ती दोन्ही स्टेबल. उंटाले म्या सुट्टी देऊन टाकली." उंटाला सुट्टी म्हणजे तो फुकट गेलेला असायचा.

हे सगळं कशासाठी, हे कळायला त्यांच्या व्हरांड्यात जावं लागेल.

त्यांचे यजमान दादाराव तायडे. त्यांना सगळी कॉलनी भाऊ म्हणायची. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, उंच, मोजकं बोलणारे, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून घरात बसणारे. सिस्टर जितक्या चुळबुळ्या तितके भाऊ स्थिर. वेताच्या खुर्चीत बसले की कूलरचं पाणी संपलं तरी उठायचे नाहीत. खात्याच्या स्पर्धांमध्ये त्यांनी पुष्कळ वर्षं बुद्धिबळाचा चषक सोडला नव्हता, आणि ते चषक दिवाणखान्यात बुद्धाच्या मूर्तीखालच्या फळीवर ओळीनं मांडलेले होते. ते पुसायच्या अर्थात सिस्टर.

संध्याकाळचा चहा झाला की व्हरांड्यातल्या स्टुलावर पट मांडला जाई. भाऊ दोन्ही बाजूंच्या सोंगट्या लावत, आणि सगळ्या लावून झाल्या की स्वतःचा वजीर उचलून शर्टाच्या खिशात ठेवत, पेनाच्या शेजारी. मग म्हणत, "चाल." लग्न झाल्यावर त्यांनीच सिस्टरांना खेळ शिकवला होता. तेव्हा ते वजीर आणि एक हत्ती असे दोन्ही काढून खेळत. पुढे हत्ती परत आला. वजीर मात्र कधीच आला नाही. मुलगा मोठा झाला, पुण्याला गेला, दोघंही निवृत्त झाली, आणि तो वजीर रोज संध्याकाळी खिशातच बसून राहिला.

बहुतेक वेळा सिस्टर तशाही हरत. पण कधी जिंकल्या तर भाऊ खिसा थोपटून म्हणत, "माह्या वजीर नोता ना." झालं. जिंकलेलं सगळं तिथंच वाहून जाई. वजिराशिवायच्या माणसाला हरवलं तर त्यात काय, आणि वजिराशिवायच्या माणसाकडून हरलं तर मग काय बोलायचं! दोन्हीकडून त्यांची गोची होती, आणि ती त्यांना आतून कुरतडत होती.

एकदा मीच बोलून गेलो. व्हरांड्यात चहा पीत होतो, म्हटलं, "भाऊ, सिस्टर आता बऱ्या खेळतात. ठेवा की वजीर."

भाऊ हसले. वाईट नव्हतं ते हसणं, पण लहान मुलाविषयी हसतात तसं होतं. "तिले झेपणार नाई, सर. रडत बसन."

सिस्टर दारात उभ्या होत्या, हातात बिस्किटांची ताटली. त्यांनी ती माझ्यासमोर ठेवली, सरळ केली, पुन्हा सरळ केली आणि आत गेल्या. दुसऱ्या दिवशी फाटकाशी आल्या त्या वंदना आटोपून, केस विंचरून, एखाद्या अर्जाला आल्यासारख्या.

"सर, ते रेटिंग म्हनतेत, ते कसं भेटते?"

मी सांगितलं. मान्यताप्राप्त स्पर्धांमध्ये खेळायचं, रेटिंग असलेल्या खेळाडूंशी ठरावीक डाव व्हायला हवेत, त्यांत थोडेफार गुण मिळायला हवेत, मग जागतिक यादीत नाव आणि नावापुढे आकडा येतो.

"भाऊंचा आकडा हाय काय?"

"नाही. ते खात्याच्या स्पर्धा खेळले. त्यात नसतो."

त्या खांबापर्यंत जाऊन आल्या. "मंग माह्या आला का ते काय म्हनतीन? आकडा तं खोटा नसते. त्याईले वजीर ठेवाच लागन."

माणसं बुद्धिबळात प्रगती का करतात याची कारणं मी पुष्कळ ऐकली आहेत. एकाग्रता वाढते म्हणतात, मुलांच्या गणिताला बरं म्हणतात. नवऱ्याच्या खिशातली सोंगटी बाहेर काढायची, हे कारण मी एकदाच ऐकलं.

पहिली स्पर्धा अकोल्यातच होती, एका शाळेच्या हॉलमध्ये. बुद्धिबळाच्या स्पर्धेत आज निम्म्याहून जास्त खेळाडू शाळकरी असतात आणि बाहेर त्यांचे आईबाप डबे घेऊन बसलेले असतात. सिस्टर आत शिरल्या तर एका बाईंनी त्यांना प्रेमानं हाताला धरून बाहेर पालकांच्या सतरंजीवर बसवलं. "नातू कुठल्या बोर्डावर आहे, आजी?" सिस्टर म्हणाल्या, "नातू नाई बाप्पा. मीच हाय बोर्डावर." सतरंजीवर सन्नाटा पसरला, असं मला त्याच बाईंनी नंतर सांगितलं.

त्या स्पर्धेत त्या सपाटून हरल्या. खेळ वाईट होता असं नाही. त्यांच्या खेळाला एक विचित्र आजार होता. घरी त्यांच्याकडे नेहमी वजीर असे आणि समोर नसे. समोरच्याकडे वजीर असतो तेव्हा काय करायचं, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. तो दिसला की त्या घाबरत आणि पहिल्या संधीला स्वतःचा वजीर देऊन त्याचा घेत. मग दोन्ही वजीर गेले की त्यांना अगदीच पोरकं वाटे, कारण स्वतःच्या वजिराशिवाय त्या कधी खेळलेल्या नव्हत्या. शिवाय हात. समोरच्या मुलीच्या सोंगट्या चौकोनात जरा तिरक्या होत्या, तर चादरीची सुरकुती काढावी तशा त्यांनी त्या सरळ केल्या. "आंटी, टच मूव्ह!" ती मुलगी ओरडली. हात लागलेली सोंगटी मारता येत असेल तर मारावीच लागते, हा नियम. सिस्टरांना एका प्याद्यासाठी हत्ती द्यावा लागला. निर्णय मीच दिला. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी घरी आल्यावर बायकोला म्हटलं, उद्यापासून दात मागच्या अंगणात घासेन.

पण त्या आल्याच. मागच्या अंगणात आल्या. वजीर लवकर मारायचा नाही, दोन्ही वजीर पटावर ठेवून खेळायचं, एवढं एकच मी त्यांना सांगितलं. "भीती वाटू द्या," म्हटलं. "पळू नका." यावर त्या बराच वेळ चालत राहिल्या. मग म्हणाल्या, "वार्डात पेशंट सिरियस असते तवा थांबाच लागते. पळून जाते का कोनी? बरोबर हाय." आणि खरंच, पुढच्या काही महिन्यांत त्यांनी थांबणं शिकून घेतलं. म्हणजे पटावर थांबणं. एरवी चाल खेळली की उठायच्या, हॉलभर राउंड घ्यायच्या, प्रत्येक बोर्डाशी क्षणभर उभ्या राहायच्या. वाशिमला एका पोरीच्या कपाळाला हात लावून मला बोलावलं, "हिले ताप हाय, घड्याळ बंद करा." घड्याळ बंद करता येत नव्हतं. सिस्टर माझ्यावर इतक्या चिडल्या की त्या रागात त्यांनी तो डाव जिंकला.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. आमच्याकडे घरोघरी बुद्धिबळ खेळतात त्याचा एक रिवाज आहे. राजाला शह दिला की 'शह' म्हणतातच, पण वजिरावर मारा आला तरी समोरच्याला सांगतात: "वजीर सांभाळा." न सांगता वजीर उचलणं म्हणजे वाटमारी. भाऊंचं मूळ गाव भातकुलीकडचं. त्यांच्या वडिलांनी त्यांना हे शिकवलं, त्यांनी सिस्टरांना. व्हरांड्यात भाऊंच्या वजिराचा प्रश्न नव्हताच, पण सिस्टरांच्या वजिरावर काही आलं की भाऊ शांतपणे म्हणायचे, "वजीर," आणि वाट पाहायचे.

स्पर्धेत हे चालत नाही. प्रतिस्पर्ध्याशी बोलायचंच नाही, हा नियम आहे. सिस्टरांनी नियम ऐकला, मान डोलावली आणि खामगावच्या स्पर्धेत, रेटिंगसाठी उरलेल्या मोजक्या डावांपैकी एका डावात, कॉलेजातल्या एका पोराचा वजीर त्यांच्या उंटाच्या वाटेत आयता सापडला तेव्हा स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "वजीर सांभाळा."

पोरानं वजीर हलवला. डाव जिंकला. तक्रार करायचं त्याला कारणच नव्हतं. मला ऐकूच आलं नव्हतं. सिस्टर स्वतः माझ्या टेबलाशी आल्या आणि म्हणाल्या, "सर, मी बोलली."

"का बोललात?"

"सांगितल्याशिवाय सुई टोचली नाई मी कोनाले. लहान लेकरू असो का म्हातारं असो, 'टोचते हं' म्हनल्याशिवाय नाई. हे कसं करू मी?"

मी वैतागलो होतो. एवढ्या महिन्यांची मेहनत, आणि एका वाक्यात वाहून गेलेली. "सिस्टर," म्हटलं, "इथं ती सुई औषधाची नाही. समोरचाही तुम्हाला टोचायलाच बसलाय, आणि सांगत नाहीये." त्या परतीच्या बसमध्ये मूर्तिजापूरची एक बाई जागा देत होती तरी अकोल्यापर्यंत दांडीला धरून उभ्या होत्या.

त्यानंतर त्या डाव सुरू होताना गालात लवंग धरू लागल्या. बोलायची ऊर्मी आली की चावायची. डाव संपून त्या जवळ आल्या की लवंगेचा वास यायचा, आणि वास तिखट असला की मी ओळखायचो, आज कुणाचा तरी वजीर गेला. पण त्यांना त्याचा आनंद होताना मला दिसला नाही. जिंकलेल्या डावाविषयी फाटकाशी कधी प्रश्न यायचा नाही. नुसत्या म्हणायच्या, "घेतला. सांगितलं नाई," आणि कडी उघडझाप करत राहायच्या.

शेवटी रेटिंग आलं. फार मोठा आकडा नव्हता. यादीत त्या पुष्कळ खाली होत्या. पण होत्या. तायडे विमल, आणि पुढे आकडा. मोबाइलवर तो त्यांनी मला दाखवला, मग माझ्या बायकोला, मग दूधवाल्याला. भाऊंना त्यांनी तो संध्याकाळी चहाबरोबर दाखवला. मला बोलावणं होतं. "सर, तुमी असा तिथं," म्हणाल्या. "पंच पाह्यजे."

भाऊंनी चष्मा लावून आकडा नीट पाहिला. मोबाइल परत दिला. सोंगट्या लावल्या. वजीर उचलला, आणि त्यांचा हात खिशाकडे गेला. हात खिशापाशी जरा वेळ तसाच राहिला, मग वजीर परत पटावर आला.

"चाल," भाऊ म्हणाले.

सिस्टर एकदाही उठल्या नाहीत असं लिहायला मला आवडलं असतं, पण त्या पाच वेळा तरी आत जाऊन आल्या. एकदा गॅस बघायला. गॅसवर काही नव्हतं. भाऊ चांगले खेळत होते. सावकाश, जुन्या पद्धतीनं, एकेक प्यादं पुढे सरकवत. सिस्टर बिचकल्या नाहीत, वजीर बदलायला गेल्या नाहीत. आणि डाव निम्म्यावर आला असताना भाऊंनी एक प्यादं मारलं, आणि त्यांच्या वजिरापर्यंतची वाट उघडी पडली. मला दिसली. सिस्टरांना दिसली. भाऊंना दिसली नव्हती; गावी आणि खात्याच्या स्पर्धांतही तोच रिवाज, आयुष्यभर त्यांना कुणीतरी सांगत आलं होतं, त्यामुळे स्वतः बघायची त्यांना सवयच नव्हती.

सिस्टरांच्या गालात लवंग नव्हती. त्यांचे ओठ हलले. मी पंच म्हणून मान खाली घातली. त्यांनी हत्ती उचलला आणि भाऊंचा वजीर मारला, आणि तो आपल्या बाजूला स्टुलाच्या काठावर ठेवला.

भाऊ पटाकडे पाहत राहिले. मग वर पाहिलं. "सांगितलं नाई तू."

"टूर्नामेंटमंदी सांगत नसतेत," सिस्टर म्हणाल्या. आवाज बारीक झाला होता.

"हे घर हाय."

एवढंच बोलले ते. आवाज चढवला नाही. उरलेल्या सोंगट्या एकेक करून डब्यात भरल्या, पट घडी केला आणि डबा दिवाणखान्यात कपाटाच्या वर नेऊन ठेवला, जिथे सिस्टरांचा हात पोचत नसे. मी चहा अर्धा टाकून घरी आलो. ज्यासाठी त्यांनी एवढा आटापिटा केला, ते मिळालं होतं आणि त्याच बैठकीत गेलंही होतं.

नंतरचे दिवस वाईट होते. व्हरांड्यात संध्याकाळी पट दिसेना. भाऊ खुर्चीत बसून पेपर वाचायचे, तोच पेपर, पुन्हा पुन्हा. सिस्टर पुढच्या स्पर्धेत अशा खेळल्या की जणू कालच शिकल्या. घरातल्या गाद्या उन्हात टाकायच्या, काढायच्या, परत टाकायच्या. माझ्या बायकोच्या गुडघ्यांना विनाकारण पट्ट्या बांधून गेल्या. एक दिवस पहाटे फाटकाशी आल्या त्या बिनमोबाइलच्या.

"सर, मी सांगाले पाह्यजे होतं का?"

मी म्हटलं, "नियमाप्रमाणे..."

"नियम मले ठाऊक हाय. मी नियम नाई विचारून राहिली."

नियमाखेरीज माझ्याकडे दुसरं काय होतं? त्या थोडा वेळ कडी वाजवत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "आधी ते मले खेळवत तरी होते. वजीर काढून का होईना. आता तेही नाई. हे काय कमावलं मी?" आणि खांबाकडे न जाता सरळ घरात गेल्या. त्यांना असं सरळ जाताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

त्यानंतर माझी बदली अमरावतीला झाली. सामान गेलं, आम्ही गेलो. काही महिन्यांनी अमरावतीच्याच एका स्पर्धेचं पंचपद माझ्याकडे आलं. सिस्टरांचं नाव यादीत होतं, बरं वाटलं. मग एका दुपारी फोन वाजला. भाऊ होते. त्यांनी मला आयुष्यात कधी फोन केला नव्हता.

"सर, त्या स्पर्धेत माह्यं नाव घालता येते का?"

मी म्हटलं, "येतं की. पण भाऊ, तिथं..."

"मले ठाऊक हाय तिथं काय असते. सांगत नसतेत. आईकलं मी." मग खाकरून विचारलं, "तिच्यासंगं गाठ पाडून देता काय?"

"ते माझ्या हातात नसतं. कॉम्प्युटर ठरवतो."

"असं काय. ठीक हाय. तिले सांगजा नोका."

दोघं एकाच बसनं आले. हे मला सिस्टरांनी सांगितलं. सकाळी भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून पिशवी घेऊन बसस्टँडवर त्यांच्या मागून आले. "कुठी निघाले?" "अमरावतीले." "कायले?" "काम हाय." सिस्टरांना वाटलं, तिवशाच्या बहिणीकडे जात असतील. अकोल्यापासून अमरावतीपर्यंत दोघं शेजारी बसून एक शब्द बोलले नाहीत. उतरल्यावर भाऊ त्यांच्या मागोमाग हॉलपर्यंत आले, नावनोंदणीच्या रांगेत शाळकरी पोरांच्या मागे उभे राहिले, आणि तिथं सिस्टरांना कळलं. त्या माझ्या टेबलाशी आल्या. "सर, हे..." म्हणाल्या, आणि राउंड घ्यायला निघून गेल्या, स्पर्धा सुरू व्हायच्या आधीच.

पहिल्या दिवशी गाठ पडली नाही. भाऊ हरले. एका आठवीतल्या मुलीनं न सांगता त्यांचा वजीर उचलला. मी लांबून पाहत होतो. ते तिच्याकडे जरा वेळ पाहत राहिले, मग वहीत लिहावी तशी नीट चाल चालपत्रिकेवर लिहिली आणि खेळत राहिले. दुसरा डावही गेला. सिस्टरांचेही गेले; त्यांचं लक्ष स्वतःच्या पटावर नव्हतंच. हरलेल्यांची गाठ हरलेल्यांशी पडते. दुसऱ्या दिवशी दुपारी जोड्यांचा कागद मी भिंतीवर लावला, तेव्हा अगदी तळाच्या बोर्डावर दोन तायडे समोरासमोर होते. यात माझा हात नव्हता, हे मी इथं पंच म्हणून नमूद करतो.

हॉल भरला. दोघं बसले. भाऊ सोंगट्या लावून झालेल्या पटाकडे पाहत होते. त्यांचा वजीर जागेवर होता. मी घोषणा केली: मोबाइल बंद करा, हस्तांदोलन करा, घड्याळ सुरू करा. नेहमीची घोषणा. बोलून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की त्या दोघांनी उभ्या संसारात एकमेकांशी हस्तांदोलन केलेलं नसणार. आमच्याकडे नवराबायको असा चारचौघांत हात हातात घेत नाहीत. आसपासची पोरं हात मिळवून केव्हाच खेळायला लागली होती. सिस्टरांचे दोन्ही हात टेबलाखाली होते. भाऊंनी हात पुढे केला. तो तसाच पटावर थांबला. मग सिस्टरांनी पदर सारखा केला आणि हात दिला.

डाव संध्याकाळच्या चहापर्यंत चालला. कुणी काही सांगितलं नाही. भाऊ हरले, स्वतः राजा आडवा केला, चालपत्रिकेवर सही केली आणि माझ्या टेबलाशी येऊन खालच्या आवाजात विचारलं, "सर, पुढची स्पर्धा कुठी हाय?" मी म्हटलं, यवतमाळला. त्यांनी ते खिशातल्या पेनानं तळहातावर लिहून घेतलं.

सिस्टर पायरीवर उभ्या होत्या. मी त्यांना म्हटलं, "झालं ना मनासारखं?"

त्यांचे डोळे भरलेले होते आणि त्या ते पुसतही नव्हत्या. "सर, आकडा आला ना, तवा नाई वाटलं. घरी वजीर मारला तवाबी नाई वाटलं," त्या म्हणाल्या. "आज त्याईनं हात देल्ला अन् तो गारढोन लागला. किती पेशंटचे हात धरले मी, मले कळते. घाबरले होते ते. माह्यासंगं खेळाले घाबरले होते. तवा मले वाटलं, खेळता येते मले."